लांब पल्ल्याची रायफल नेमबाजी: वारा कसा वाचावा आणि किरकोळ परिणामांचा हिशेब कधी करावा

पुण्यात बालेवाडीच्या रेंजवर ५० मीटरची प्रोन (पालथे पडून करायची) नेमबाजी शिकलेला माणूस इंग्लंडमधील बिस्ली येथे स्टिकलडाऊन रेंजवर पहिल्यांदा १००० यार्डांच्या फायरिंग पॉइंटवर पालथा पडतो, तेव्हा त्याची पकड, श्वास आणि ट्रिगर या तिन्ही गोष्टी त्याच्या कामी येतात, मात्र वाऱ्याबद्दलचा त्याचा अंदाज जवळजवळ निरुपयोगी ठरतो. माझे तसेच झाले होते. १००० यार्ड म्हणजे ९१४ मीटर. एवढ्या अंतरावर गोळी दीड सेकंद हवेत असते, आणि त्या दीड सेकंदात वारा तिला माणसाच्या उंचीहून अधिक बाजूला नेऊ शकतो. हा लेख परदेशात राहणाऱ्या आणि तेथील क्लबांत फुलबोअर (मोठ्या कॅलिबरच्या रायफलची) किंवा एफ-क्लास (रायफल आधारावर टेकवून करायची) नेमबाजी सुरू करणाऱ्या मराठी वाचकांना समोर ठेवून लिहिला आहे. भारतात सर्वसामान्य नागरिकाला या जातीची रायफल आणि एवढी लांब रेंज मिळणे अवघडच आहे. तरीही ०.२२ रायफलने ५० मीटरवर सराव करणाऱ्यांना यातील बराच भाग उपयोगी पडेल, आणि त्यांच्यासाठी पुढे एक स्वतंत्र भाग आहे.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. नव्या नेमबाजाला पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम, गोळीच्या फिरकीचा परिणाम, हवेची घनता यांचे फार आकर्षण असते, कारण त्यांची सूत्रे असतात आणि मोबाइलमधले ॲप त्यांची उत्तरे दशांशापर्यंत देते. हे परिणाम खरे आहेत आणि त्यांचा हिशेब करायलाच हवा, पण तो घरी, वहीत, रायफलचे झिरो (साइटचे मूळ शून्य) ठरवतानाच करून मोकळे व्हावे. फायरिंग पॉइंटवर डोके आणि डोळे फक्त वाऱ्यासाठी मोकळे असावेत. या लेखातील सर्व सूचना याच क्रमाला धरून आहेत.

गोळी बाजूला का जाते

बाजूचा वारा गोळीला ढकलतो, अशी सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात घडते ते वेगळे. फिरणारी, स्थिर गोळी नळीतून बाहेर पडताच आपले टोक समोरून येणाऱ्या हवेच्या प्रवाहाकडे वळवते. वारा उजवीकडून असेल, तर गोळीच्या दृष्टीने हवा किंचित उजवीकडून येत असते, म्हणून टोक किंचित उजवीकडे वळते. हवेचा अवरोध गोळीच्या अक्षाच्या दिशेने मागे खेचत असल्यामुळे त्या खेचण्याचा एक लहान हिस्सा आता डावीकडे काम करू लागतो, आणि गोळी डावीकडे सरकते. म्हणजेच विचलनाचे मूळ अवरोधात आहे. ज्या गोळीचा वेग हवेत कमी घटतो, तिला वारा कमी नेतो.

यावरून एक फार उपयोगी सूत्र निघते. १९ व्या शतकातील फ्रेंच लष्करी गणिती इसिदोर दिदियाँ यांच्या नावाने ते ओळखले जाते. गोळीला लक्ष्यापर्यंत पोचायला प्रत्यक्ष लागलेला वेळ घ्यावा, त्यातून अवरोध नसता तर लागला असता तो वेळ वजा करावा आणि उरलेल्या विलंबाला बाजूच्या वाऱ्याच्या वेगाने गुणावे. ०.३०८ इंच कॅलिबरची रायफल, १५५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे माप) गोळी आणि नळीच्या तोंडाशी सेकंदाला ९०० मीटर वेग असे धरले, तर अवरोधाविना ९१४ मीटरला १.०२ सेकंद लागले असते, पण प्रत्यक्षात सुमारे १.५ सेकंद लागतात. विलंब झाला ०.४८ सेकंदाचा. म्हणून सेकंदाला १ मीटर वेगाचा बाजूचा वारा गोळीला जवळजवळ ४८ सेंटीमीटर नेतो.

आता हे मिनिटांच्या भाषेत आणू, कारण साइटवरचे क्लिक मिनिटांतच मोजले जातात. एक मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग, आणि १००० यार्डांवर तो २६.६ सेंटीमीटर भरतो. इंग्लंड-अमेरिकेतील नेमबाज वारा ताशी मैलांत बोलतात. त्यांच्या हिशेबाने वरील रायफलला १००० यार्डांवर ताशी १ मैल वाऱ्यामागे सुमारे ०.८ मिनिट, आणि १० मैल वाऱ्याला सुमारे ८ मिनिटे द्यावी लागतात. या पल्ल्यावरचा बुल, म्हणजे टार्गेटचे मधले वर्तुळ, साधारण दोन मिनिटांच्या आसपास रुंद असतो. याचा अर्थ असा की गोळी अगदी मध्यावर बसवण्याचा हिशेब करून बसलेल्या नेमबाजाचा अंदाज ताशी सव्वा मैलाने जरी चुकला, तरी गोळी बुलच्या कडेवर जाते. गालावर जेमतेम जाणवणाऱ्या झुळुकीत आणि शांत हवेत फरकच तेवढा असतो.

अंतराबाबतही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अंतर दुप्पट झाले की विचलन दुप्पट होत नाही, तर चौपटीहून थोडे अधिक होते. ५०० यार्डांवर बसलेला हात १००० यार्डांवर अपुरा पडतो, त्याचे कारण हेच आहे.

दिशा: वेगापेक्षा ती जास्त फसवते

वाऱ्याची दिशा घड्याळाच्या आकड्यांनी सांगण्याची पद्धत जगभर आहे. टार्गेट १२ वाजता, नेमबाज मध्यभागी. तीन किंवा नऊ वाजताचा वारा पूर्ण धरायचा. एक वाजताचा, म्हणजे ३० अंशांचा वारा निम्मा धरायचा. दीड वाजताचा ०.७ आणि दोन वाजताचा जवळजवळ ०.९. दोन वाजताचा वारा तिरका दिसतो म्हणून नवखे नेमबाज त्याला निम्मा धरतात आणि दर वेळी कमी पडतात. हे आकडे पाठ असावेत.

सर्वांत कठीण वारा जोराचा बाजूचा नसून समोरून किंवा पाठीमागून येणारा असतो. उदाहरण घेऊ. ताशी १० मैलांचा वारा तीन वाजताच्या आसपास अर्धा तास पुढे-मागे झुलत असेल, म्हणजे १५ अंश इकडे आणि १५ अंश तिकडे, तर त्याचा परिणामकारक हिस्सा १० वरून ९.७ वर येतो. साइटवर फरक पाव मिनिटाचा. तोच वारा बारा वाजताच्या आसपास तेवढाच झुलला, तर तो एकदा डावीकडून २.६ मैल आणि एकदा उजवीकडून २.६ मैल भरतो. साइटवरचा एकूण फरक ४ मिनिटांहून अधिक होतो, म्हणजे एक मीटरहून जास्त. झेंडे तुमच्याकडे तोंड करून फडफडत असतील, तर त्यांच्या फडफडीचा जोर पाहू नये. शेपूट काठीच्या कोणत्या बाजूला जात आहे, तेवढेच पाहावे आणि ते एका बाजूला ठरल्याखेरीज गोळी सोडू नये.

झेंड्यांविषयी थोडे सविस्तर सांगावेसे वाटते. झेंडा काठीशी जो कोन करतो त्याला चाराने भागले की ताशी मैलांत वेग येतो, हा जुना लष्करी आडाखा आहे. ६० अंशांवर उभा राहिलेला झेंडा म्हणजे सुमारे १५ मैल. आडाखा म्हणून तो चांगला आहे, पण त्यात कापडाचे वजन धरलेले नाही. पावसात भिजलेला झेंडा जड होऊन खाली लोंबतो आणि वारा आहे त्यापेक्षा कमी दाखवतो. पाऊस थांबल्यावर झेंडे सुकत जातात, तसा वारा न वाढताही झेंडा वर उचलला जातो. म्हणून झेंड्यावरून एकदम आकडा काढण्यापेक्षा आजच्या दिवशी, या झेंड्यावर, कोणत्या स्थितीला किती मिनिटे लागली, याची सांगड घालणे अधिक भरवशाचे.

कोणता झेंडा पाहावा? नेमबाजाजवळच्या वाऱ्याचा वाटा सर्वांत मोठा असतो. गोळीला सुरुवातीलाच बाजूचा वेग मिळाला, तर तो उरलेल्या सगळ्या वाटेवर तिच्यासोबत राहतो, तर टार्गेटजवळ मिळालेल्या वेगाला परिणाम दाखवायला अंतरच उरत नाही. मात्र १००० यार्डांच्या वाटेत गोळी नजरेच्या रेषेपेक्षा ३ ते ४ मीटर वर चढते, आणि जमिनीपासून जितके वर जावे तितका वारा जोरदार होत जातो. फायरिंग पॉइंट झाडांच्या किंवा बांधाच्या आडोशाला असेल, तर जवळचा वारा शांत भासतो आणि मधल्या पट्ट्यात तो मोकळा सुटलेला असतो. अशा रेंजवर मधला झेंडा मुख्य मानावा. हातातले वारामापक यंत्र फक्त तुम्ही पडला आहात त्या जागेचा वेग सांगते. त्याचा खरा उपयोग फायरिंगच्या आधी होतो. यंत्रावर आकडा पाहायचा, त्याच क्षणी झेंडे, गवत आणि झाडांची पाने पाहायची, आणि डोळ्याला त्या आकड्याची ओळख करून द्यायची. ती ओळख झाली की यंत्र पिशवीत ठेवून द्यावे.

मृगजळ वाचणे

ज्याला रेंजवर सगळे मिराज म्हणतात, ते आपले मृगजळच. तापलेल्या जमिनीवरून वर उठणाऱ्या हवेचे थर वाऱ्याबरोबर वाहतात आणि स्पॉटिंग स्कोपमधून (टार्गेट पाहण्याच्या दुर्बिणीतून) ते पाण्याच्या लाटांसारखे दिसतात. झेंडा जड असतो आणि उशिरा प्रतिसाद देतो, तर मिराज म्हणजे प्रत्यक्ष वाहती हवाच असते. त्यामुळे हलक्या वाऱ्यातील बदल झेंड्याच्या आधी मिराजमध्ये दिसतो.

स्कोप आधी टार्गेटवर नीट फोकस करावा, आणि नंतर फोकस थोडा अलीकडे आणावा, म्हणजे टार्गेटच्या अलीकडचा पट्टा स्पष्ट होऊन टार्गेटची कड जराशी पुसट दिसेल. आता लाटा दिसू लागतात. लाटा सरळ वर जात असतील, भांड्यातील पाणी उकळताना दिसते तशा, तर बाजूचा वारा नाही, किंवा तो बरोबर समोरून वा मागून आहे. लाटा तिरप्या वाहत असतील, तर वारा हलका आहे. त्या जसजशा आडव्या होत जातात, तसतसा वेग वाढलेला असतो. ताशी १० ते १२ मैलांच्या पुढे लाटा पूर्ण आडव्या होऊन पट्ट्यांसारख्या धावतात, आणि त्यानंतर १२ मैल आणि १८ मैल यांतला फरक मिराज सांगू शकत नाही. तेथून पुढे झेंड्यांकडेच वळावे लागते.

उकळणारे मिराज पाहून शांत हवा समजणे आणि झटकन गोळी सोडणे, ही मी पाहिलेली सर्वांत महागडी सवय आहे. वारा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला फिरताना मध्ये क्षणभर लाटा उभ्या होतात. तो क्षण गेला की वारा कोणत्या बाजूने येईल हे सांगता येत नाही. त्या वेळी थांबावे.

एका दुपारचा प्रसंग सांगतो. स्टिकलडाऊनवर १००० यार्ड, वारा डावीकडून, साइटवर ६ मिनिटे डावी. चार गोळ्या बुलमध्ये. पाचव्या वेळी स्कोपमधून लाटा पाहिल्या, त्या आडव्या होत्या. मी डोळा साइटकडे नेला, पण पकड मनासारखी बसेना, म्हणून श्वास सोडून पुन्हा घेतला, कोपर किंचित सरकवले आणि ट्रिगर दाबला. स्कोप पाहणे आणि गोळी सुटणे यांत वीस सेकंद तरी गेले असतील. गोळी चांगली सुटली होती. टार्गेट खाली गेले आणि वर आले, तेव्हा गोळी लागल्याच्या खुणेची चकती बरोबर दोन मिनिटे डावीकडे होती: बुल हुकला होता. पुन्हा स्कोपला डोळा लावला, तर लाटा उभ्या होत आलेल्या होत्या. वारा पडला होता, आणि मी मात्र वीस सेकंदांपूर्वीच्या वाऱ्याला साइट लावून गोळी सोडली होती. तेव्हापासून मी एक नियम पाळतो. स्कोपवरून डोळा काढल्यापासून पाच-सहा सेकंदांत गोळी सुटली नाही, तर रायफल खांद्यावरच ठेवून पुन्हा स्कोप पाहायचा. बिस्लीच्या स्पर्धांत एका टार्गेटवर दोघे किंवा तिघे आळीपाळीने गोळी झाडतात आणि प्रत्येकाला ४५ सेकंद मिळतात. एवढा वेळ दोनदा पाहण्यास पुरतो, मात्र पकड आधीच पक्की बसलेली हवी.

शेजाऱ्यांची टार्गेटेही पाहावीत. तुमच्या डावी-उजवीकडील चार टार्गेटांवरच्या खुणा एकाच वेळी एकाच बाजूला सरकल्या, तर चूक त्या चौघांच्या हातांची नसून वाऱ्याची आहे, आणि ती माहिती तुम्हाला एकही गोळी न झाडता मिळालेली असते.

साइट आणि वही

साइट नेहमी वाऱ्याकडे फिरवायची: वारा उजवीकडून असेल तर उजवीकडे. वाचताना हे सोपे वाटते, पण घाईत नॉब उलटा फिरला तर चूक दुप्पट होते. म्हणून फिरवण्याआधी मनात पूर्ण वाक्य म्हणावे, "डावी सहा वरून डावी चारवर, दोन मिनिटे उजवीकडे", आणि फिरवल्यावर आकडा पुन्हा वाचावा. नॉबवर डावी-उजवीच्या बाणांची खूण केलेली असावी.

वहीत प्रत्येक गोळीमागे तीन गोष्टी लिहाव्यात: साइटवर किती वारा दिला होता, ट्रिगर सुटताना साइटचे चित्र कोठे होते, आणि गोळी प्रत्यक्षात कोठे लागली. या तिन्हींवरून चौथा आकडा काढायचा आणि तोच खरा कामाचा आहे: त्या गोळीला प्रत्यक्षात किती वारा द्यायला हवा होता. साइटवर डावी ५ होती, चित्र मध्यावर होते आणि गोळी अर्धा मिनिट उजवीकडे लागली, तर हवा होता डावी साडेपाच. गोळी बुलमध्ये लागली म्हणून हा हिशेब सोडू नये, कारण बुलच्या उजव्या कडेला सलग तीन गोळ्या लागल्या तर वारा वाढत चालला आहे, आणि चौथी बाहेर जाण्याच्या आत ते कळायला हवे. हे चौथे आकडे आलेखाच्या कागदावर खालून वर मांडले की दहा गोळ्यांत त्या दिवसाच्या वाऱ्याची हद्द दिसू लागते, जसे की डावी ४ च्या खाली तो जात नाही आणि डावी ७ च्या वर चढत नाही. हद्द कळली की अंदाज कितीही चुकला तरी तो तिच्या बाहेर जाऊ द्यायचा नाही.

त्या हद्दीतली जी स्थिती वारंवार येते आणि थोडी टिकते, ती निवडावी आणि शक्य तोवर तिच्यातच गोळी झाडावी. प्रत्येक बदलामागे धावणारा नेमबाज नेहमी एक पाऊल मागे राहतो. वेळेचे बंधन कडक असेल आणि थांबता येत नसेल, तेव्हाच साइट प्रत्येक गोळीला हलवावी.

किरकोळ परिणाम आणि त्यांचे खरे माप

येथे दिलेली सर्व मापे वरच्याच रायफलची आणि १००० यार्डांची आहेत.

गोळी उजव्या पिळाच्या नळीतून (जिच्या आतल्या खाचा उजवीकडे वळत जातात) सुटली असेल, तर ती आपल्या फिरकीमुळे हळूहळू उजवीकडे सरकते. १००० यार्डांवर हे सरकणे १८ ते २३ सेंटीमीटर भरते. पृथ्वीच्या फिरण्यामुळे उत्तर गोलार्धात गोळी आणखी उजवीकडे जाते, मग कोणत्याही दिशेला झाडा. बिस्लीच्या अक्षांशावर हे सुमारे ८ सेंटीमीटर होते आणि पुण्याच्या अक्षांशावर जेमतेम ३. दोन्हींची बेरीज बिस्लीला साधारण एक मिनिट भरते. म्हणजे १०० यार्डांवर साइट अचूक शून्यावर आणली, तर १००० यार्डांवर पूर्ण शांत हवेतही एक मिनिट डावी द्यावी लागते. हे ज्याला ठाऊक नसते, तो ते एक मिनिट वाऱ्याच्या हिशेबात मिसळतो, आणि मग डावीकडचा वारा त्याला नेहमी जास्त आणि उजवीकडचा नेहमी कमी वाटतो. उपाय सोपा आहे: प्रत्येक अंतराचे वाऱ्याचे शून्य वहीत वेगळे लिहून ठेवावे आणि फायरिंगआधी साइटचे मोजमाप तेथून सुरू करावे. ऑस्ट्रेलियात किंवा दक्षिण आफ्रिकेत झाडणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की तेथे पृथ्वीचा परिणाम डावीकडे होतो, म्हणून तो फिरकीतून वजा होतो.

पृथ्वीच्या फिरण्याचा एक उभा परिणामही आहे. पूर्वेकडे झाडलेली गोळी थोडी वर आणि पश्चिमेकडे झाडलेली थोडी खाली लागते. पुण्याच्या अक्षांशावर हा फरक प्रत्येक बाजूला ९ ते १० सेंटीमीटरच्या आसपास राहील. एकाच रेंजवर झाडणाऱ्याला याचा वेगळा हिशेब करण्याची गरज नाही, कारण रेंजची दिशा बदलत नाही आणि तो एलिव्हेशनच्या (उंचीच्या) झिरोत आपोआप सामावतो. नव्या रेंजवर जाताना मात्र त्याची आठवण असावी.

बाजूचा वारा गोळीला फक्त बाजूला नेत नाही, वर-खालीही करतो. नळीतून सुटताच गोळीचे टोक वाऱ्याकडे वळते, त्या वेळी फिरकीमुळे तिला उभ्या दिशेने किंचित झटका बसतो. उजव्या पिळाच्या नळीत उजवीकडचा वारा गोळीला वर आणि डावीकडचा वारा खाली नेतो. ताशी १० मैल वाऱ्याला हे साधारण एक तृतीयांश मिनिट असते, १००० यार्डांवर ९ ते १० सेंटीमीटर. डावीकडून उजवीकडे फिरणाऱ्या वाऱ्यात गोळ्या उंचीत पसरू लागल्या की नेमबाज काडतुसांना दोष देतो. आधी हे तपासावे.

रायफल तिरपी धरल्याचा परिणाम यांपैकी बहुतेकांहून मोठा आहे, पण बोलले जाते त्याबद्दल सर्वांत कमी. १००० यार्डांसाठी नळी नजरेच्या रेषेपेक्षा सुमारे ३४ मिनिटे वर रोखलेली असते. रायफल एक अंश उजवीकडे कलली, तर त्या ३४ मिनिटांचा थोडा हिस्सा उजवीकडे जातो आणि गोळी जवळजवळ १६ सेंटीमीटर उजवीकडे लागते. एक अंश कल डोळ्याला दिसत नाही. पुढच्या साइटवर लेव्हलचा बुडबुडा बसवावा, आणि तो पाहणे हा प्रत्येक गोळीच्या क्रमाचा भाग करावा.

हवेच्या घनतेचा परिणाम मुख्यतः उंचीवर होतो. तापमान १० अंशांनी वाढले की हवा सुमारे साडेतीन टक्के विरळ होते आणि गोळी १००० यार्डांवर अर्धा ते एक मिनिट वर जाते. समुद्रसपाटीवरच्या मुंबईपेक्षा ५६० मीटर उंचीच्या पुण्यात हवेचा दाब सुमारे ६ टक्के कमी असतो, म्हणून उंचीवरच्या रेंजवर वाऱ्याचे विचलनही थोडे कमी होते. दमटपणाबद्दल आपल्याकडे उलटा समज आहे. पावसाळी हवा जड वाटते, पण पाण्याची वाफ हवेपेक्षा हलकी असल्यामुळे दमट हवा किंचित विरळच असते, आणि फरक इतका कमी असतो की तो सोडून दिला तरी चालतो.

काडतुसाचे तापमान मात्र सोडून देता येत नाही. दारू तापली की वेग वाढतो, आणि सेकंदाला १० मीटरचा फरक १००० यार्डांवर २० सेंटीमीटर वर-खाली करतो. काडतुसे सावलीत झाकून ठेवावीत, आणि तापलेल्या नळीत काडतूस भरून वाऱ्याची वाट पाहत पडून राहू नये. वारा मनासारखा होत आला की मगच ते भरावे.

वेग आवाजाच्या वेगाजवळ, म्हणजे सेकंदाला ३४० मीटरजवळ येऊ लागला की काही गोळ्या डगमगतात, आणि मग वरील कोणतेच माप लागू पडत नाही. ०.३०८ मधील १६८ ग्रेनची नावाजलेली मॅच गोळी ६०० यार्डांपर्यंत उत्तम चालते, पण १००० यार्डांवर तिचा भरवसा धरता येत नाही. १००० यार्डांची तयारी असेल, तर गोळीची निवड त्या अंतराला पुरेल अशीच असावी.

५० मीटरवर झाडणाऱ्यांसाठी

०.२२ च्या गोळीचा वेग सेकंदाला ३३० मीटरच्या आसपास असतो आणि ५० मीटरवर तिचा विलंब सुमारे ०.००६७ सेकंद भरतो. सेकंदाला १ मीटर वाऱ्याला ती जवळजवळ ६.७ मिलिमीटर सरकते. ५० मीटरच्या टार्गेटवर दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे आणि पुढचे प्रत्येक वर्तुळ ८ मिलिमीटर अंतरावर असते, म्हणजे गवताची पाती हलवणारा वारा जवळजवळ एक गुण नेऊ शकतो. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिक येथे याच ५० मीटर प्रोन प्रकारात जागतिक विजेतेपद मिळवले, तेही उघड्या रेंजवर. या प्रकारात काय साधावे लागते, याची त्या आकड्यांवरून कल्पना यावी.

येथे दोन गोष्टी विसरू नयेत. जास्त वेगाचे ०.२२ काडतूस वाऱ्यात कमी जाईल असे वाटते, पण घडते उलटे. आवाजाच्या वेगापलीकडे सुटलेल्या या गोळीला अवरोध फार बसतो, तिचा विलंब वाढतो आणि वारा तिला जास्त नेतो. म्हणूनच मॅचची काडतुसे आवाजाच्या वेगाखाली ठेवलेली असतात. दुसरी गोष्ट म्हणजे वाऱ्यामुळे होणारा वर-खालीचा झटका ०.२२ मध्ये प्रमाणाने बराच मोठा असतो. डावी-उजवी वाऱ्यात झाडलेल्या गोळ्या टार्गेटवर आडव्या न पसरता दहा वाजल्यापासून चार वाजेपर्यंत तिरप्या पसरतात. म्हणून उजवीकडच्या वाऱ्याला साइट उजवीकडे आणि किंचित खाली, डावीकडच्या वाऱ्याला डावीकडे आणि किंचित वर न्यावी.

सरावाचा एक प्रकार नव्यांना मी आवर्जून सुचवतो, आणि त्याला रायफल लागत नाही. रेंजवर एखाद्या अनुभवी नेमबाजाच्या मागे त्याच्या परवानगीने स्कोप लावून बसावे. त्याने गोळी सोडण्याआधीच आपण आपल्या वहीत वारा लिहावा, उदाहरणार्थ "डावी ५, वाढता". गोळीनंतर त्याने साइटवर काय दिले होते आणि गोळी कोठे लागली, यावरून हवा होता तो आकडा काढून त्याच्या शेजारी मांडावा. एका तासात चाळीस-पन्नास आकड्यांच्या जोड्या जमतात. आपण वारा नेहमी कमी धरतो की जास्त, आणि तो वाढताना जास्त चुकतो की पडताना, हे त्या जोड्यांत दिसते. पुढच्या आठवड्यात त्याच जागी बसून तेवढीच एक चूक दुरुस्त करण्याचा प्रयत्न करावा.